झाडाचे पाय बघणाऱ्या आक्का

"काढा हात! काढा म्हंते न्हवं! तिच्या अंगावरचा हात काढा आदी!"

बोरगावच्या शिवारात एक म्हातारी हातातला विळा उंच धरून ओरडत होती. आवाज असा, की पलीकडच्या उसातले बगळे उठले ते थेट निपाणीला जाऊनच टेकले असणार. जिच्यावर ती ओरडत होती ती बाई मात्र बांधावर पालथी पडलेली. गाल मातीला टेकलेला, एक डोळा मिटलेला, आणि दोन्ही हातांची मिठी गुडघ्याएवढ्या एका चिंचेच्या बुंध्याला. शेजारी पहार, कुदळ, ओलं पोतं आणि मी.

पालथ्या पडल्या होत्या त्या आमच्या घरमालकीण. बेळगावातलं आमचं सगळं वडगाव त्यांना आक्का म्हणायचं, मीही म्हणायचो.

"आक्का, उठा. म्हातारीच्या हातात विळा आहे."

"थांब रं," त्या मातीतनंच म्हणाल्या. "पाय तर बघ हिचे. काय पाय आहेत!"

हे भांडण कुठनं उपजलं ते सांगायचं तर आधी आक्का सांगायला लागतील, आणि आक्का सांगायच्या तर तुम्हाला जरा सरकून बसायला लागेल, कारण त्या थोड्याथोडक्या जागेत मावत नाहीत.

आक्का बेळगावातल्या एका मराठी शाळेत पी.टी.च्या बाई होत्या. त्यांनी शिट्टी फुंकली की शाळेतली पोरं तर सोडाच, कॅम्पातले जवानही चहाचा कप खाली ठेवून ताठ उभे राहायचे अशी ख्याती होती. एकदा मैदानावर त्यांनी "सावधान!" अशी आरोळी दिली आणि रस्त्यानं चाललेली अंत्ययात्रा जागच्या जागी थांबली. खांदेकरी थांबलेच, पण तिरडीवरच्यानंही टाचा जुळवल्या, असं त्यांचे जुने विद्यार्थी शपथेवर सांगतात. मी एवढं म्हणणार नाही. खांदेकरी थांबले, तेवढं खरं.

तर अशी उभी नोकरी पोरांना सरळ करण्यात गेली, आणि रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाई जगातलं वाकडं शोधायला लागल्या. बोन्साय! वडगावातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर पसरट कुंड्यांची रांगच्या रांग. दोन्ही बाजूंच्या घरांत यंत्रमाग. दिवसभर त्यांचा खडखडाट चालायचा, आणि त्या ठोक्यावर कुंड्यांतले वड, पिंपरण्या, बोगनवेली अशा माना हलवायच्या, की भजनी मंडळ बसलंय असं वाटावं. लाईट गेली, माग थांबले, की झाडंही थांबायची. आक्का म्हणायच्या, ह्या हादऱ्यानंच बारीक मुळं फुटतात. खरं-खोटं माग जाणे. मी त्या गच्चीच्या खालच्या खोलीत राहायचो, तर माझेसुद्धा दोन दात हलायला लागले होते.

ती खोली मला मिळाली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. मी कॅम्पातल्या एका बेकरीत कामाला. हातात मालकाची चिठ्ठी, अंगात इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. आक्कांनी चिठ्ठी वाचली नाही. शर्टाकडं बघितलं नाही.

"चप्पल काढ," म्हणाल्या.

काढली. बाई गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि माझी पावलं अशी बघत बसल्या, की मला घाम फुटला.

"बोटं पसरलेली आहेत. टिकशील. वरनं काय खास न्हाईस, पण टिकशील. सामान घेऊन ये."

पुढं कळलं, की ही पद्धत माणसांची नव्हेच, झाडांची. बोन्सायसाठी झाड निवडायचं तर जगभरातला माणूस आधी पानं बघतो, फुलं बघतो, उंची बघतो. आक्का म्हणायच्या, "वरचं काय बघायचं? वरचं कापून नवं आणता येतंय. फांदी पाहिजे तिथं काढता येत्ये. बुंधा आणि पाय बाजारात मिळत न्हाईत, ते झाडानं येताना घेऊन यायला लागतंय." पाय म्हणजे बुंध्यापाशी जमिनीवर पसरलेली मुळं. ती चारी बाजूंना पंजासारखी फाकलेली पाहिजेत. त्यावर खोड खाली जाड आणि वर निमुळतं होत गेलेलं. पहिली फांदी जेवढी खाली तेवढी चांगली. एवढं असलं, की बाकी झाड मोडलेलं, चिरलेलं, किड्यानं खाल्लेलं असलं तरी आक्का त्याला माहेरवाशिणीसारखं घरी आणणार.

खानापूर रोडवरच्या नर्सरीवाल्यानं तर त्यांची धास्तीच घेतली होती. बिचारा कन्नड माणूस, गिऱ्हाईक आलं की हसून पुढं यायचा. आक्कांची छत्री दिसली की त्याचं हसू आत जायचं.

"बर्री अक्का, बर्री. हे बघा, कालच आलंय. फस्क्लास माल. कसं सरळ वाढलंय!"

"म्हणूनच बेड. नको मला."

"मग येन बेकु? काय पायजे तरी काय?"

"गिऱ्हाइकांनी परत आणून टाकलेलं काय हाय?"

तो कपाळाला हात लावायचा आणि आक्का थेट मागं, पाण्याच्या टाकीपाशी. तिथं मरायला टाकलेल्या पिशव्यांचा ढीग. बाई फतकल मारून बसायच्या, एकेका पिशवीत बोट घालून वरची माती बाजूला सारायच्या आणि पहिलं मूळ कुठं लागतं ते चाचपायच्या. सालीला नख लावायच्या, आत हिरवं दिसलं की "जीव हाय" म्हणून ते डावीकडं. एखादं पिशवीतनं उपसून मला दाखवायच्या, "हे बघ, जागा न्हाई म्हणून मुळं गोल गोल फिरली आणि स्वतःचाच गळा आवळून बसली. हे जगंल, पण बुंधा धरणार न्हाई. ठेव परत."

शेवटी त्या नर्सरीवाल्यानं डोकं चालवलं. चांगल्या रोपांवर तो मुद्दाम हातगाडी घालायला लागला. मोडलेली, वाकलेली रोपं टाकीपाशी मांडून तोंड पाडून उभा राहिला. आक्कांनी एकच रोप उचललं, फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "हे पडलेलं न्हाई. पाडलंय." त्या दिवसापासून त्या माणसानं आक्कांसमोर खोटं बोलायचं सोडलं. घरच्यांसमोर सोडलं नव्हतं, पण आक्कांसमोर सोडलं.

रविवारी गच्चीवर हौशी लोक यायचे शिकायला. कॅम्पातल्या एका मेजरसाहेबांच्या बाई एकदा सोनेरी कुंडीत एक सरळसोट झाड घेऊन आल्या. आक्कांनी डोळा बारीक केला.

"मॅडम, ये पेन्सिल है."

"जी?"

"पेन्सिल. दस साल बाद मोटी पेन्सिल होगी."

बाई लाल होऊन गेल्या. पुढच्या रविवारी परत आल्या त्या कोपरापर्यंत मातीत माखून, बंगल्याच्या मागच्या भिंतीतनं उपटलेली अर्धमेली बोगनवेल छातीशी धरून. आक्कांनी बुंधा बघितला, आत गेल्या आणि स्वतःच्या हातानं चहा करून आणला. मी तिथं इतकी वर्षं भाडं भरलं, मला तो चहा कधी मिळाला नाही.

आता चिंच.

बेकरीची सुट्टी मंगळवारी. मालकाची जुनी व्हॅन त्या दिवशी रिकामी असायची, आणि तिला नेहमी टोस्टाचा वास यायचा. एका मंगळवारी आक्कांना त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी बोरगावला घेऊन गेलो. परतताना त्या लघवीला म्हणून उसाच्या आडोशाला गेल्या आणि बराच वेळ परत आल्याच नाहीत. मला वाटलं, साप. धावत गेलो, तर बाई बांधावर उकिडव्या बसलेल्या, तोंडावर दोन्ही हात.

समोर चिंच. उंचीला माझ्या गुडघ्याएवढी, आणि बुंधा जात्याएवढा! मी पुष्कळ फुगवून सांगतो अशी माझ्याबद्दल तक्रार आहे, पण ह्या बुंध्याला मी हात लावत नाही; होता तेवढाच सांगतो. पाय असे चारी अंगांना पसरलेले, की झाड उभं नाही, बसलंय. म्हातारी माणसं उन्हाला बसतात तसं. ही कमाल शेळ्यांची. त्या बांधावरनं रोज शेळ्या जायच्या, आणि चिंचेनं वर डोकं काढलं की खुडायच्या. वर्षानुवर्षं. वर जायची बंदी, म्हणून झाड आपलं बुंध्यातच भरत गेलेलं.

तेवढ्यात त्या शेळ्यांची मालकीण आली. हीच ती म्हातारी.

"ही व्हय? ही वांझ चिंच? घिऊन जावा की. न्हाईतरी पायात येत्या."

"आत्ता न्हाई," आक्का म्हणाल्या. "एकदम उपटली तर मरंल. एका अंगाची मुळं आता तोडते, नवी बारीक फुटू देत. मग दुसऱ्या अंगाची. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटाला नेते."

म्हातारीला त्यातलं काय कळलं देव जाणे. ती हसली आणि शेळ्यांमागं गेली.

व्हॅनमध्ये बसल्यावर आक्का गुडघे चोळत म्हणाल्या, "ही शेवटची रं. गुडघे हे असे. परत पहार घेऊन बांधावर बसणं व्हायचं न्हाई. आजवर कुंड्यांत भरली ती सगळी बरी झाडं. चांगलं हे एकच."

मग आमच्या वाऱ्या सुरू झाल्या. जमेल त्या मंगळवारी. आता त्या म्हातारीच्या आणि गावाच्या डोळ्यांनी बघा. बेळगावची एक भारदस्त बाई मंगळवारचीच येते. मुळं तुडवली जाऊ नयेत म्हणून चपला लांब काढते. झाडाभोवती हळूहळू फिरते, पुढची बाजू कुठली ठरवायला. पण फिरते ती पाच-पाच फेरे. डोळे मिटून बसते, कारण मनात कुंडी बसवून बघत असते. तोडलेल्या मुळांना कीड लागू नये म्हणून त्यांच्या तोंडाला चिमटीनं हळद दाबते. पुढच्या बाजूच्या फांदीला खुणेसाठी लाल फीत बांधते. जेवायला बोलावलं तर नको म्हणते, कारण साखरेचं पथ्य. आणि जाताना झाडाला मोठ्यानं सांगते, "जागेवर थांब! हलायचं न्हाई!"

कुणाला काय वाटेल?

मला ते सगळं दिसत होतं, आणि मजा वाटत होती. आक्कांना झाडापलीकडं काही दिसत नव्हतं. मग त्यांचा गुडघा सुजला आणि हिवाळ्यापासनं आमचं जाणंच झालं नाही. तेवढ्यात बोरगावात काय काय झालं ते आम्हाला मागनं कळलं. आधी दोन पार्ट्या पडल्या. एका पार्टीचं म्हणणं, चिंचेवर भूत असतंय, देव कधी ऐकलाय का? दुसरी म्हणे, भुताला कुणी हळद लावतंय का? मग एकाची चोरीला गेलेली पंपाची मोटर सापडली, आणि त्यानं आधल्या दिवशी चिंचेला नारळ बोलला होता. मोटर चोरणारा दारू पिऊन स्वतःच बडबडला ही गोष्ट कुणी हिशेबात धरली नाही. भुताची पार्टी मोडली. बुंध्याला शेंदूर लागला, फांद्यांत हिरव्या बांगड्या आल्या.

आणि त्या म्हातारीचे दिवस फिरले. जन्म शेळ्यांमागं गेलेला, घरात सुना तिला चहासुद्धा उरलासुरला देणार. आता मंगळवारी बायका तिला विचारायला यायच्या, "मावशे, देवी आदी तुलाच दिसली न्हवं?" ती बांधावर बसून सांगायची. सुनांचा चहा आधी यायला लागला.

अशात, ठरल्याप्रमाणं उन्हाळ्याच्या शेवटाला, आम्ही पहार घेऊन गेलो.

आता तुम्ही त्या पहिल्या ओरडण्यापाशी पोचलात. म्हातारीच्या हाकेनं सगळं शिवार गोळा झालं. कुणीतरी म्हणालं, बाईंनीच देवी दाखवली, बाईंचा मान. दुसरं म्हणालं, म्हणून काय मुळासकट न्यायची? आक्का उठून बसल्या, साडीची माती झाडली आणि जे होतं ते सरळ सांगितलं. देवी नाही, दृष्टान्त नाही, झाड आहे, मला कुंडीत लावायचं आहे, मावशींनी तेव्हा हो म्हटलं होतं. कुणाचाही विश्वास बसला नाही. उलट एक म्हातारबाबा हात जोडून म्हणाला, "मोठी माणसं असंच झाकून बोलत्यात."

शेवटी ठरलं, कौल लावायचा. गुरव आला. बुंध्याला उजवीकडं एक आणि डावीकडं एक अशी दोन ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर देवी बेळगावला जाणार, डावं पडलं तर बोरगावात राहणार. आक्का लगेच पंचाच्या भूमिकेत. "वाऱ्याला पाठ करून लावा. पाणी दोन्हीकडं सारखं लावा. पोरांनो, मागं सरका, एका रेषेत!" सगळा गाव एका रेषेत उभा राहिला. गुरवसुद्धा.

गुरवानं गाऱ्हाणं घातलं. सगळे श्वास धरून. उजवं फूल जरा सैल झालं. डावं थरथरलं. आणि गर्दीच्या पायांतनं एक शेळी पुढं आली, आणि तिनं दोन्ही फुलं एका घासात खाल्ली.

एवढी शांतता मी कुठल्या देवळातही ऐकलेली नाही. गुरवानं डोकं खाजवलं. मग खाकरून निर्णय दिला, "देवीनं मालकिणीवर सोडलंय."

सगळ्यांची तोंडं म्हातारीकडं वळली. तिनं विळा खाली ठेवला आणि आक्कांच्या शेजारी बांधावर बसली. आता ती ओरडत नव्हती.

"बाई, खरं बोलू? मी उभा जन्म हितं शेळ्या चारल्या. मला ही कवा दिसली न्हाई. तुम्ही बघाय लागलासा, तवा दिसली. तुमची म्हणाल तर तुमचीच हाय. मी आडवं येत न्हाई." मग तिनं बुंध्यावर हात ठेवला. "एवडंच सांगा. तितं तुमच्यात जगंल न्हवं ही?"

आक्कांच्या मागं उभा राहून मी मान हलवत होतो. हो म्हणा! एक शब्द! पोतं ओलं होतं, व्हॅन रस्त्याकडेला उभी होती, म्हातारीनं दिली होती, देवीनंही अंग काढून घेतलं होतं. आक्कांनी तोडलेल्या अंगाची माती बोटानं उकरली. पांढरी बारीक मुळं फुटली होती, पण थोडी. हिवाळ्यापासनं कुणी बघितलं नव्हतं.

"सांगता येत न्हाई," आक्का म्हणाल्या.

"म्हंजे?"

"जगंलही. न्हाईतर न्हाई."

"तुमच्या हातनं मेल्यात का आदी?"

"मेल्यात."

"लई?"

"लई."

म्हातारीनं मान हलवली. रागानं नाही. बाजारात भाव ऐकून माणूस हलवतो तशी.

"मग ऱ्हाऊ दे हितंच."

"ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाल्या.

त्यांनी स्वतःच कुदळ घेतली आणि आपण खणलेला चर भरून काढला. माझा हात लागू दिला नाही. शेवटची माती दाबून झाल्यावर म्हणाल्या, "मावशी, शेळ्यांना आडवू नका. त्यांनीच घडवलीय हिला."

"काय बोलतासा बाई! देवीला शेळ्या तोंड लावणार व्हय? आमचा पोरगा कुंपण घालणार हाय."

आक्कांनी कुदळ पोत्यात गुंडाळली. कुंपण पडलं, की दोन पावसाळ्यांत ती चिंच बांबूसारखी वर जाणार, हे मलाही कळत होतं. मग त्यांना तर कळत होतंच. म्हातारीनं पदरात भुईमुगाच्या शेंगा आणल्या आणि त्यांच्या पिशवीत ओतल्या. गर्दीतल्या बायका पाया पडल्या. आक्कांनी पडू दिल्या.

व्हॅनमध्ये पहार मोकळीच खडखडत होती. मी निपाणी गाठेपर्यंत कळ काढली. मग राहवलं नाही.

"आक्का, नुसतं 'जगंल' म्हटला असतासा तर काय आभाळ पडणार होतं? एवढी वाट बघितली. परत हुईल का असं झाड? तुम्हीच सांगा, हुईल का?"

आक्का शेंग फोडत होत्या. त्यांनी काच खाली केली, टरफल बाहेर टाकलं आणि बाहेरच बघत राहिल्या.

"सावकाश चालव," म्हणाल्या. "बांधावरचं काय दिसंना."